प्रॉपर्टी प्रदर्शनात जायचं ते कशासाठी? नाशिकसारख्या शहरात पहिली गुंतवणूक करू पाहणाऱ्यांसाठी

नाशिकला क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचं ‘शेल्टर’ प्रदर्शन भरतं, नरेडको या दुसऱ्या संघटनेचं ‘होमेथॉन’ भरतं, कोल्हापुरात क्रेडाईचं ‘दालन’ असतं. इतरही जिल्ह्यांच्या ठिकाणी सणासुदीच्या आगेमागे एखाद्या मैदानावर मांडव पडतो आणि गावातले झाडून सगळे बिल्डर चार-पाच दिवस एका छताखाली येतात. लोक तिथे घर घ्यायला जातात. राहायला घर हवं असेल तर त्यात काही चुकीचं नाही. पण गुंतवणूक म्हणून फ्लॅट किंवा प्लॉट घ्यायचा विचार असेल, तर मांडवाकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

पाच-सात वर्षांनी तुम्ही तो फ्लॅट विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाइकासमोर काय काय पर्याय असतील? आज प्रदर्शनात जे मांडलंय ते, आणि त्यानंतर येणारं आणखी. म्हणजे इथला प्रत्येक स्टॉल हा तुमचा उद्याचा प्रतिस्पर्धी आहे. मुंबईत जुना फ्लॅटही खपतो, कारण नवीन बांधायला जागाच नाही. नाशिकला म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा, मखमलाबाद अशा चारी दिशांना मोकळी जमीन पडलेली आहे. पन्नास लाखांत कोरा फ्लॅट मिळत असताना तुमचा सात वर्षं वापरलेला फ्लॅट पंचेचाळीसला कोण घेईल, आणि का घेईल, या प्रश्नाचं उत्तर शोधायला प्रदर्शनासारखी दुसरी जागा नाही. विकत घ्यायचं ते नंतर, दुसरीकडे, शांतपणे.

आधी घरचा अभ्यास

मांडवात रिकाम्या डोक्यानं शिरलात तर पिशवीभर ब्रोशर घेऊन बाहेर पडाल, आणि घरी आल्यावर सगळ्यांवर सारखाच स्विमिंग पूल दिसेल. म्हणून आधी तीन गोष्टी कागदावर लिहा.

एक, खिशातून किती जाणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आहे आणि त्यावर ७५. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे या हिशोबात धरत नाहीत, तो तुमचा तुम्हालाच घालावा लागतो.

दोन, पैसे कशातून परत येणार. भाडं हवंय की भाव वाढल्यावर विकायचंय? दोन्ही हवंय असं सगळेच म्हणतात, पण छोट्या शहरात दोन्ही एकाच जागी क्वचित मिळतं. भाडं गावाच्या आत मिळतं, भाव गावाच्या वेशीवर वाढतो.

तीन, कोणते दोन-तीन भाग बघायचे. अख्खं शहर बघू नका. नाशिकमध्ये भाडेकरू म्हटलं की अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत काम करणारा, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात शिकणारा, नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये किंवा रेल्वेत नोकरी करणारा, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात असणारा. तुमचा भाडेकरू यांपैकी कोण, हे ठरवलंत की भाग आपोआप ठरतो. ज्या शहरात तुमचा एकही नातेवाईक, मित्र किंवा जुना सहकारी राहत नाही, तिथे पहिली गुंतवणूक करू नये असं माझं मत आहे. नळ गळायला लागला की कोण जाणार, इतका साधा प्रश्न असतो तो.

दुबई, अमेरिका किंवा इंग्लंडात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: अनिवासी भारतीयांना फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली घर किंवा दुकान घेता येतं, शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. प्रदर्शनात ‘फार्महाऊस प्लॉट’ विकणारे ही गोष्ट आपणहून सांगतीलच असं नाही.

मांडवात

जमलं तर पहिल्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी जा. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर असो की ठक्कर डोममध्ये, रविवारी संध्याकाळी तिथे जत्रा असते. सेल्सच्या मुलांना तुमच्याशी बोलायला दोन मिनिटं मिळतात आणि त्या दोन मिनिटांत ती फक्त नंबर घेतात. दुपारी तीच मुलं खुर्ची देतात, पाणी विचारतात आणि बरंच काही बोलून जातात. रविवारची गर्दी बघायला मात्र एक चक्कर जरूर मारा. कुठल्या स्टॉलपुढे माणसं थांबतात आणि कुठल्या भागाचं नाव ऐकून पुढे सरकतात, हे बघण्यासारखं असतं. तुमचं गिऱ्हाईक त्याच गर्दीत आहे.

फोन नंबर द्यावाच लागतो. प्रवेशद्वारापाशीच क्यूआर स्कॅन करायला लावतात, आणि त्यानंतर महिनाभर ‘सर, साइट व्हिजिट कधी करताय?’ सुरू होतं. घरात जादा सिम असेल तर ते वापरा.

आता मुख्य काम. एक वही घ्या, आणि प्रत्येक स्टॉलवर तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारा. एकाचं उत्तर ऐकून काही कळत नाही. दहा जणांनी त्याच प्रश्नाला काय उत्तर दिलं हे शेजारी शेजारी ठेवलं की कळायला लागतं.

– महारेरा क्रमांक काय, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक?
– कार्पेट किती, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा? सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलेला आकडा, नको. फक्त कार्पेट.
– सगळं धरून शेवटचा आकडा किती? लिहून द्या.
– ताबा कधी? रेरावर कोणती तारीख टाकलीय?
– एकूण फ्लॅट किती, विकले किती?
– पाणी महापालिकेचं की बोअरचं?
– याच बिल्डरची पाच वर्षांपूर्वीची बिल्डिंग कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नाला सहसा छान, उत्साही उत्तर मिळतं आणि तो पत्ता सर्वात कामाचा असतो. तिकडे का जायचं ते पुढे येईल.

महारेरा क्रमांक विचारल्यावर ‘प्रोसेसमध्ये आहे, प्रीलाँच रेट चालू आहे’ असं उत्तर आलं, तर वही मिटा आणि पुढच्या स्टॉलवर जा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात करणं आणि बुकिंग घेणं २०१६ च्या रेरा कायद्यानं बंद केलंय. ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. स्टॉलच्या मागच्या फ्लेक्सवर तो दिसायला हवा. तो मोबाइलवर स्कॅन करा, तिथल्या तिथे.

कोटेशनचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. स्टॉलवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो आणि तुम्ही प्रत्यक्षात भरता तो, यांच्यात किती अंतर पडतं हे एकदा मांडूनच बघू. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्याही एका प्रकल्पाचे नाहीत.

फ्लेक्सवर लिहिलंय, ‘टू बीएचके फक्त ४३.५० लाख!’ सेलेबल एरिया १,००० चौरस फूट, म्हणजे दर ४,३५० रुपये. ऐकायला बरं वाटतं. आता कार्पेट विचारा. उत्तर येतं ६८० चौरस फूट. ४३,५०,००० भागिले ६८०, म्हणजे कार्पेटचा दर झाला जवळपास ६,४०० रुपये. रेरा कायद्यात विक्री कार्पेटवरच करायची आहे, पण बोलण्यात अजून सेलेबल चालतं. शेजारच्या स्टॉलवर सेलेबल दर ४,६०० असेल आणि त्याच हजार फुटांत कार्पेट ७५० निघालं, तर तिथला कार्पेट दर ६,१३३ होतो. जो फ्लॅट महाग वाटत होता तो स्वस्त निघाला. वहीत म्हणूनच एकच रकाना ठेवा: कार्पेटचा दर.

पुढे जाऊ. कागदाच्या खालच्या भागात बारीक अक्षरात येतं: कव्हर्ड पार्किंग एक लाख, वीज मीटर आणि डेव्हलपमेंट चार्जेस सव्वा लाख. करारनाम्याची रक्कम झाली ४५,७५,०००.

आता जीएसटीची मेख. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. पण परवडणाऱ्या घराला १ टक्काच. त्याच्या अटी दोन: महानगरांबाहेर कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट, आणि एकूण घेतलेली रक्कम ४५ लाखांच्या आत. मुंबई महानगर प्रदेश सोडला तर महाराष्ट्रातली सगळी शहरं या नियमापुरती बिगरमहानगरं धरली जातात, अगदी पुणंसुद्धा. त्यामुळे छोट्या शहरातला टू बीएचके मापात सहज बसतो. अडतो तो रकमेत, कारण ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस असं सगळं धरतात. आपल्या उदाहरणात स्टॉलवरचा माणूस ४३.५० लाखांकडे बोट दाखवून ‘सर, एक टक्काच लागेल’ म्हणेल, आणि करारनामा ४५.७५ लाखांचा झाल्यामुळे तुम्हाला भरावा लागेल २,२८,७५० रुपये. पाऊण लाखाची घासाघीस केलीत आणि करारनामा ४५ लाखांवर आणलात तर तोच कर ४५,००० होतो. म्हणजे पाऊण लाखाच्या सुटीवर वरून करातले एक लाख ८३ हजार वाचले. घासाघीस नेमकी कुठे करायची, ते हे. आणि ती चेकनं आणि करारनाम्यातच करायची, ‘वरचे कॅश द्या’ या वाटेनं नाही.

पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. गुंतवणूकदारानं तयार फ्लॅटही पाहावेत ते यासाठी. दर जास्त दिसतो, शेवटच्या आकड्यात फरक पडतोच असं नाही.

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत स्थानिक अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे २,७४,५००. पुण्या-नागपूरला मेट्रोचा आणखी एक टक्का. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. सगळी बेरीज ५१,०८,२५०. साडेत्रेचाळीसचा फ्लॅट एक्कावन्नला पडला, आणि कार्पेटचा खरा दर झाला साडेसात हजार. यात पंखे नाहीत, ग्रिल नाही, किचन ट्रॉली नाही.

आता भाडं. समजा महिना १२,००० मिळालं. वर्षाचे १,४४,०००. त्यातून सोसायटी मेंटेनन्सचे २४,०००, घरपट्टीचे ८,०००, आणि भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला त्याचे १२,००० वजा करा. हातात एक लाख. एक्कावन्न लाखांवर एक लाख, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. बँकेतली मुदत ठेवसुद्धा याहून बरी. मग फायदा कशावर अवलंबून राहिला? फक्त भाव वाढण्यावर. आणि भाव वाढायचा तर तुमच्यानंतर घेणारा माणूस हवा. फिरून त्या पहिल्या प्रश्नाशीच आलो.

हा हिशोब प्रत्येक स्टॉलच्या आकड्यांनी करा. दहापैकी सात प्रकल्प इथेच गळतात आणि डोकं हलकं होतं.

‘इथून मेट्रो जाणार आहे’

छोट्या शहरातलं प्रदर्शन भविष्यावर चालतं. प्रत्येक फ्लेक्सवर एक नकाशा असतो, त्यात प्रकल्प बरोब्बर मध्ये, आणि सगळीकडून रस्ते त्याच्याकडे धावत येतात. या नकाशातल्या गोष्टींचे तीन ढीग करायचे: झालेलं, चालू असलेलं आणि जाहीर केलेलं.

नाशिकचीच उदाहरणं घ्या. समृद्धी महामार्ग झालेला आहे. इगतपुरी ते आमने हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सिन्नर, इगतपुरीकडच्या जागेला याचा आधार खरा आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची आणि पुलांची कामं होतात, हे चालू असलेल्या ढिगात. तिसरा ढीग मेट्रो निओचा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हापासून ती ब्रोशरमध्ये धावते आहे. रस्त्यावर ती कुठे दिसत नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचंही तसंच: नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यामुळे मार्गाचाच प्रश्न उभा राहिला. त्या जुन्या मार्गावरच्या ‘प्रस्तावित स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं सांगून विकलेल्या प्लॉटचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

माझा नियम साधा आहे. पहिल्या ढिगाचे पैसे द्यायचे, दुसऱ्याचे घासाघीस करून, तिसऱ्याचे शून्य. मेट्रो झाली तर आनंदच आहे, पण तिच्यासाठी फुटाला तीनशे रुपये आज का मोजायचे?

कुंभमेळ्याचं नाव घेऊन भाव सांगणाऱ्यांना एवढंच विचारा की साधू गेल्यावर भाडेकरू कोण राहणार.

बँकेचा स्टॉल

मांडवाच्या कोपऱ्यात बँका आणि गृहकर्ज कंपन्या बसलेल्या असतात. तिथे गर्दी नसते. जाऊन बसा आणि विचारा: तुम्ही मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी आहे का? अमुक भागात तुमचा व्हॅल्यूअर फुटाला किती धरतो? बिल्डर ६,४०० सांगतोय आणि बँक ५,६०० वर मूल्यांकन करतेय, तर ती मोठी बातमी आहे. बँकेनं प्रकल्प मंजूर केला म्हणजे जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, शंभर टक्के स्वच्छ असं मात्र समजू नका. स्वतःच्या वकिलाकडून जुनी कागदपत्रं तपासून सर्च रिपोर्ट वेगळा घ्यायचाच.

प्लॉटवाले

फ्लॅटपेक्षा प्लॉटच्या स्टॉलवर जास्त सांभाळा. कारण फ्लॅटमध्ये निदान भिंती दिसतात.

पहिला प्रश्न: बिनशेती झालीय का? ‘एनए’ आणि ‘एनए होणार आहे’ यांत फार मोठा फरक आहे. दुसरा: लेआउट अंतिम मंजूर आहे की टेन्टेटिव्ह? टेन्टेटिव्ह म्हणजे रस्ते, गटारं, विजेचे खांब करून दाखवल्यावर अंतिम मंजुरी मिळेल, असा कागद. तिसरा: माझ्या नावावर स्वतंत्र सातबारा होणार की सामाईक? शेतजमिनीचे दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडून दहा-पंधरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. तुकडेबंदी कायद्यात सवलती येत-जात असतात, पण सामाईक सातबाऱ्यावरचा प्लॉट विकताना बाकीच्यांच्या सह्यांमागे धावावं लागतं आणि बँक कर्ज देत नाही. तुमच्यानंतर घेणारा कर्जाशिवाय घेणार आहे का? मुळात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो, हेही आहेच.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं दिसलं तर थांबा. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, फक्त गट नंबर हवा. स्टॉलवर गट नंबर द्यायला कुणी आढेवेढे घेतले तर तेच उत्तर समजा.

त्याच रात्री

प्रदर्शनातून आल्यावर ब्रोशर टाकून देऊ नका. रेराच्या कलम १२ नुसार जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेली माहिती चुकीची निघाली आणि तिच्यावर विसंबून तुम्ही पैसे भरले असतील, तर भरपाई मागता येते. पुरावा म्हणून तो चकचकीत कागदच लागतो. तारीख टाकून फाइलला लावा.

मग महारेराच्या संकेतस्थळावर एकेक क्रमांक उघडा. नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक बहुतेक पी ५१६ नं सुरू होतात, कोल्हापूरचे पी ५३० नं. पानावर चार गोष्टी बघा. ताबा देण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख, म्हणजे आधीच किती वेळा मुदतवाढ घेतली ते कळतं. बिल्डरनं तिमाही माहिती वेळेवर भरलीय का. चालू दावे. आणि विकलेल्या सदनिकांची संख्या. दुपारी स्टॉलवर ‘काका, शेवटचे चारच राहिलेत, ऑफर आजच्यापुरतीच आहे हं’ असं ऐकलेलं असतं, आणि रात्री स्क्रीनवर अर्ध्याहून जास्त फ्लॅट शिल्लक दिसतात. त्या बिल्डरशी पुढे किती बोलायचं हे मग तुम्हीच ठरवा.

दुसरं ठिकाण नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च. तिथे जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक २ बघायला मिळते, म्हणजे त्या जागेत कोणत्या तारखेला, किती रकमेला, किती क्षेत्रफळाचा व्यवहार नोंदला गेला ते. गाव म्हणजे मौजे मखमलाबाद, मौजे पाथर्डी असं महसुली गाव. जाहिरातीतलं ‘न्यू गंगापूर रोड’ तिथे चालत नाही. हे संकेतस्थळ चिवट आहे, कॅप्चा पुन्हा पुन्हा विचारतं, संध्याकाळी मध्येच बंद पडतं. सकाळी लवकर बसा. बिल्डरच्या जुन्या इमारतीचा पत्ता घ्यायला सांगितलं होतं तो इथे वापरा: पाच वर्षांपूर्वी तिथला फ्लॅट कितीला नोंदला गेला, आणि गेल्या वर्षी त्याच इमारतीत पुनर्विक्री कितीला झाली? पाच वर्षांत भाव खरोखर किती वाढला याचं याहून सरळ उत्तर कुठल्याही तज्ज्ञाकडे नाही. आणि त्या इमारतीत एकही पुनर्विक्री सापडली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दरही त्याच संकेतस्थळावर आहे, पण तो मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी, बाजारभाव म्हणून त्याच्यावर जाऊ नका.

जागेवर

प्रदर्शनातून मोफत साइट व्हिजिटची गाडी मिळते. ती घेऊ नका. ती गाडी चांगल्या रस्त्यानं नेते.

आपण आपलं जा, आणि आधी त्या जुन्या इमारतीपाशी जा. संध्याकाळी साडेआठ-नऊला खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. ताबा देऊन तीन-चार वर्षं झालेल्या इमारतीत निम्म्या खिडक्या काळ्या असतील, तर ते फ्लॅट तुमच्यासारख्याच गुंतवणूकदारांनी घेऊन ठेवलेत आणि त्यांना भाडेकरू मिळत नाहीयेत. वॉचमनला विचारा, ‘दादा, इथे भाड्यानं मिळेल का?’ तो किती पर्याय सांगतो आणि किती भाडं सांगतो, ते लिहून घ्या. हिशोबात धरायचं भाडं हे. स्टॉलवरचं भाडं नेहमी दोन-तीन हजारांनी वर असतं.

पाण्याचं किराणा दुकानदाराला विचारा, आणि एप्रिल-मेमधलं विचारा. टँकरचा नंबर त्याला तोंडपाठ असेल तर समजून जा.

नदीकाठच्या शहरात पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. कोल्हापूर-सांगलीकरांनी २०१९ आणि २०२१ असं दोन वर्षांच्या अंतरानं पाणी घरात पाहिलं, तेव्हा ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर फार भरवसा ठेवू नये. तिथे आजही गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘पाणी आलं होतं का?’ असा विचारतं आणि दर त्यावर ठरतो. नाशिकला गोदावरी आणि नासर्डीच्या काठी हेच. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्यात जमीन रहिवासी विभागात आहे की शेती विभागात, विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण वरून जातंय का, हे कळतं. फी किरकोळ असते, खेपा मात्र घालाव्या लागतात.

टोकन

हे सगळं करून दोन-तीन प्रकल्प उरतात. तोवर प्रदर्शन संपून पंधरा दिवस झालेले असतात आणि ‘फक्त प्रदर्शनापुरती’ असलेली ऑफर अजून चालूच असते. फोन करून बघा. मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, स्कूटर असलं काही देत असतील तर ते नको म्हणा आणि तेवढी रक्कम दरातून कमी करायला सांगा. नाण्यावर तुमचा पैसा वाचत नाही, दर उतरला की मुद्रांक शुल्क आणि जीएसटीही उतरतो.

टोकन चेकनं किंवा ऑनलाइन द्या, प्रकल्पाच्या महारेरावर दाखवलेल्या खात्यात. सेल्सच्या मुलाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. एजंटामार्फत जात असाल तर त्याचाही महारेरा नोंदणी क्रमांक विचारा. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी घेता येत नाही, कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर एक टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरायचा असतो, नवखे हमखास हे विसरतात.

वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) हातात आल्याशिवाय बुकिंग झालं असं धरू नका. महारेराच्या नमुना वाटपपत्रात, ते दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य आहे, त्यापुढे दिवसांप्रमाणे एक ते दोन टक्के. बिल्डरच्या छापील कागदावर ‘टोकन नॉन रिफंडेबल’ असं असेल तर सही करण्यापूर्वी ती ओळ खोडून घ्या, आणि खोडल्या जागी दोघांच्या सह्या.